जराशी वाकडी

"यंत्रावरच्या म्हणे," फोन ठेवत ताई म्हणाल्या. "आपण यंत्रावरच्या टोपल्या हातच्या म्हणून खपवतो म्हणे. ऐकलंस?"

वहिनीने ऐकलं होतं. पलीकडच्या दुकानवाल्या बाईचा आवाज असा होता की तो ऐकायला फोनची गरज नव्हती. वहिनी गॅरेजच्या दारात उकिडवी बसून, परत आलेल्या खोक्याची चिकटपट्टी दाताने तोडत होती. कात्री मुंगीच्या हाती लागू नये म्हणून तिने ती इतकी उंच ठेवली होती की आता ती तिच्याही हाती लागत नव्हती.

मुंगी म्हणजे तिची लेक. नुकती चालायला लागलेली, आणि जमिनीवर सांडलेला कण न् कण हुडकून तोंडात घालणारी. या क्षणी ती एका रिकाम्या खोक्यात बसून खोक्याचंच झाकण चघळत होती.

चिकटपट्टी सुटली. आतून वेताच्या टोपल्या निघाल्या, एकीत एक बसवलेल्या. बूड सपाट, काठ गोल, वीण अशी घट्ट की नखाची कड शिरू नये. वहिनीने एक फरशीवर ठेवली. ती डुलली नाही, कलली नाही. ठेवली तिथे बसली, पाहुण्यांसमोर आणलेल्या शहाण्या मुलीसारखी.

"मावशींच्या आहेत या," वहिनी म्हणाली.

"ते मला दिसतंय गं."

"मग त्या बाईंना सांगायचं ना."

"सांगितलं. विणतानाचा फोटो पाठवा म्हणाली, पाठवला. आता म्हणते, फोटोत म्हातारी दिसते, टोपली दिसते, पण त्या म्हातारीनेच ही टोपली केली कशावरून? तुमच्या बाकीच्या कारागिरांचं बघा, म्हणते. कशा जराशा वाकड्या असतात. गिऱ्हाईक हातात घेतं, वाकडी बघतं, खूश होतं. ही सरळ बघतं आणि परत ठेवून देतं." ताईंनी चष्मा काढून साडीला पुसायचा तसा कागदाच्या बोळ्याला पुसला, त्यामुळे तो आणखी मळला. "आणि वर आपलं कार्ड वाचून दाखवलं तिने मला. माझंच कार्ड, मलाच."

खरं तर कार्ड लिहिलं होतं वहिनीने. प्रत्येक टोपलीला सुतळीने बांधलेलं जाड कागदाचं कार्ड. त्यावर लिहिलं होतं: 'हाताने केलेल्या वस्तूत थोडा वाकडेपणा असतोच. तो दोष नव्हे, ती हाताची खूण.' मुंगीला पाजता पाजता, मोकळ्या राहिलेल्या एका हाताने तिने ते लिहिलं होतं. तेव्हा उद्योग नवा होता, बाया शिकाऊ होत्या, आणि त्यांच्या टोपल्या अशा व्हायच्या की एकीत फळं ठेवली तर ती घरंगळून दुसरीत जावीत. काहीतरी पांघरूण घालायला हवंच होतं. घातलं. लोकांना पांघरूणच आवडलं.

आता त्या पांघरुणाखाली मावशी मावत नव्हत्या.

"तू मावशीला सांग," ताई म्हणाल्या, "जरा वाकडं विणायला."

"मी?"

"मग कोण?"

"तुम्ही सांगा की. कल्पना तुमची आहे."

"मी बोलायला लागले की त्या सगळ्या चहा ठेवायला उठतात, तुला माहितेय. तुझं ऐकतात."

हे वाटप पहिल्यापासून असंच होतं. ताई तिची मोठी नणंद. कॉलेजातली चांगली नोकरी सोडून त्यांनी हा फेअर ट्रेडचा उद्योग काढला, कारण वेतकाम करणाऱ्या बायांकडून दलाल पडेल भावात माल उचलतो हे त्यांना बघवेना. काढला म्हणजे जाहीर केला. गॅरेज रिकामं केलं वहिनीने, नवऱ्याची मोटारसायकल झाडाखाली नेऊन लावली वहिनीने, दलालाच्या शिव्या खाल्ल्या वहिनीने. ताई सभेत बोलायच्या आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच वेळी इथे गॅरेजच्या पत्र्यातून टोपल्यांवर पाणी यायचं, ते बघायचं वहिनीने.

पण ताई नसत्या तर हे झालंच नसतं, हेही तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर चीड यायची. माणूस सरळसरळ वाईट असला की बरं पडतं.

"सांगते," ती म्हणाली आणि मुंगीच्या तोंडातून पुठ्ठ्याचा लगदा काढायला लागली.

---

मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. पण या कामातल्या सगळ्या बाया त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या मावशी. एका लांबट खोलीत त्या सुनेबरोबर राहत. दाराशी पाण्याचं बुटकं टीप, त्यात भिजत पडलेला वेत, आत एक खाट, आणि खाटेसमोर बसायचा पाट. पाटावर मावशी अशा बसत की समोरच्याला आपण पायरीखाली उभे आहोत असं वाटावं.

त्यांच्यात नम्रपणा औषधालाही नव्हता. दुसरीची टोपली हातात दिली की त्या ती उलटी करून बूड बघत, आणि नुसतं 'हं' म्हणत. त्या 'हं'ने भल्याभल्या रडल्या होत्या. सून लग्न होऊन आल्यापासून शिकत होती आणि मावशींच्या मते अजून बुडावरच होती. काठ तिला बांधू देत नसत.

वहिनीने विषय काढला. काढला म्हणजे आधी हवापाण्याचं बोलली, मग मुंगीच्या दाताचं, मग सुनेच्या पाठदुखीचं. मावशींनी मधेच हात वर केला.

"पोरी, घोडं कुठे पेंड खातंय ते सांग."

वहिनीने सांगितलं.

मावशींच्या हातातला वेत थांबला. "वाकडी."

"थोडीशी."

"मुद्दाम."

"हो."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," मावशी सुनेकडे बघून म्हणाल्या. "इथं नाचता येतंय म्हणून अंगण वाकडं करायचंय."

सून हसली आणि मावशींनी बघितल्यावर हसायची थांबली.

"आणि किती वाकडी गं? तुझ्या नणंदेच्या नाकाएवढी, की त्याहून जास्त?"

"मावशी, चेष्टा नका करू. माझ्या नाकी नऊ आलेत."

"चेष्टा नाही. विचारते. सरळ एकच असतं. वाकडं पाहिजे तेवढ्या जातीचं. त्यातलं कुठलं पाहिजे तुमच्या दुकानाला, तेवढं सांग. मी विणते."

वहिनीने मुंगीला टिपापासून ओढून आणलं, तोवर मुंगीची बाही खांद्यापर्यंत भिजली होती.

"आणि नाही विणली तर?" मावशींनी विचारलं. आवाज आता साधा होता.

"तर ते दुकान तुमच्या टोपल्या घेणार नाही. आणि तुमच्या गेल्या तर उरलेल्या तरी का घेईल? तुमचं नाव पुढे करून तर आम्ही तिथे शिरलो. ते दुकान सुटलं की गॅरेजचं शटर खाली. मग सगळ्या बाया परत त्या दलालाच्या दारात."

मावशींनी टिपातून वेताची एक बारीक काडी काढली, अंगठ्याने दाबून ती दोन टोकांना सारखी लवते का बघितलं, आणि मुंगीला जवळ ओढून तिच्या गोल पोटाभोवती ती फिरवली. मुंगी खिदळायला लागली. काडी जिथे जुळली तिथे मावशींनी नखाने खूण केली.

"विणते वाकड्या. पण या पोरीला खेळायला एक करणार आहे, ती सरळ असणार. हिचा काय दोष? टोपली म्हणजे काय असते ते तरी कळू दे हिला."

"तेवढं नक्की करा," वहिनी म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. काम झालं होतं, आणि वर मुलीला टोपली. सुंठीवाचून खोकला गेला.

सुंठीवाचून खोकला जात नसतो, हे तिला पंधरवड्यात कळलं.

---

मावशींनी वाकड्या विणल्या. दिलेला शब्द पाळला. ताईंनी त्या गॅरेजच्या फळीवर ओळीने मांडल्या, आणि दोघी नणंदा-भावजया मागे सरकून बघत राहिल्या.

प्रत्येक टोपली डावीकडे कललेली होती. प्रत्येक, तितकीच. प्रत्येकीच्या काठाला एकाच जागी एक लहानसा बाक होता. गट फोटोसाठी बसवलेल्या आणि फोटोवाल्याने 'मान जरा तिकडे' म्हटलेल्या मुलींसारखी ती अख्खी ओळ मान कलती करून बसली होती.

"हे काय आहे?" ताई म्हणाल्या.

"वाकड्या आहेत."

"अगं, या सगळ्या सारख्याच वाकड्या आहेत."

"ताई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. तसा त्यांचा हात. वाकडं करायला गेल्या तरी ते नेमकंच होणार."

"हे पाठवलं तर ती बाई म्हणेल साचा बदलला."

आणि त्या बाईने तेच म्हटलं. ताईंनी नमुन्याचे फोटो पाठवले होते, त्यावर ओळभर उत्तर आलं: साचा बदललात, पण साचा आहे हे लपत नाही.

त्या दिवशी वहिनीने भात करपवला. नवऱ्याने त्यावर ताक ओतलं. तो दोन्ही बाजूंना मान डोलावण्यात पटाईत होता. लहानपणापासून बहिणीकडे आणि लग्नापासून बायकोकडे. त्याची मान एव्हाना बिजागरीवर बसवलेली असावी.

"तुम्ही दोघी एकदा शांतपणे बसून ठरवा ना," तो म्हणाला.

"बसून?" वहिनी म्हणाली. "बसायला जागा कुठाय? सगळीकडे टोपल्या."

मुंगीने करपलेला भात आवडीने खाल्ला. घरात तेवढं एक माणूस समाधानी होतं.

वहिनी पुन्हा मावशींकडे गेली. या वेळी मावशींनीच तिला बोलू दिलं नाही. "कळलं. आवडल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "वाकडं जमत नाही मला. म्हातारपणी नापास केलंत." त्या चहा पीत होत्या, पेला दोन्ही हातांत धरून. वहिनीला वाटलं, गार पडलंय म्हणून ऊब घेतायत.

"मावशी, डोळे मिटून विणून बघा ना," ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण ती पुढे बोलत राहिली. "किंवा बोलता बोलता. लक्ष दुसरीकडे ठेवून."

"डोळे मिटून तर सरळच होते. बोटं बघतात." मावशी हसल्या. मग पेला खाली ठेवताना जरा जास्तच वाजला. "बरं. तू जा. बघते मी."

"आणि मुंगीची टोपली?"

"करते म्हटलं ना."

"माप घेतलं होतंत. तोवर ही वाढेल, मग नवं माप घ्यावं लागेल."

"वाढू दे की. वाढायचंच वय आहे तिचं," मावशी म्हणाल्या. त्यांचं लक्ष टिपाकडे होतं. टिपातला वेत त्या दिवशी सून काढत होती, सून सोलत होती. वहिनीच्या मनात आलं, चला, अखेर सुनेला बढती मिळाली.

---

त्यानंतर मावशींकडून आलेला माल बघून ताई गॅरेजमध्ये खाली बसल्या. अक्षरशः फरशीवर.

कुठल्याच दोन टोपल्या सारख्या नव्हत्या. एकीचा काठ पाण्यासारखा वरखाली होत गेला होता. एकीची वीण बुडाशी घट्ट आणि वर जाता जाता सैल, श्वास सोडल्यासारखी. एक जराशी वाकून कान देऊन ऐकत असल्यासारखी बसली होती. शिकाऊ बायांच्या टोपल्या चुकलेल्या दिसायच्या. या चुकलेल्या दिसत नव्हत्या. या कुठून तरी चालत आल्यासारख्या दिसत होत्या.

"जमलं तिला," ताई म्हणाल्या. "बघ तू. जमलं."

दुकानातल्या बाईने तर पुढचा सगळा माल याच हाताचा मागितला. 'हाताचा श्वास दिसतो' असं तिने कळवलं, आणि ताईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं; दूधवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, बरोबर आहे.

वहिनी निघाली ती उड्या मारतच. कडेवर मुंगी, पिशवीत मावशींसाठी जाड गोधडीवजा शाल. शटर खाली येणार नव्हतं. वाटेत तिने ठरवलं की आज मावशींनी कितीही टोमणे मारले तरी आपण ऐकून घ्यायचे.

मावशी पाटावर नव्हत्या, खाटेवर होत्या. मांडीवर ओलं फडकं, आणि त्याखाली उजवा हात.

"मावशी, जमलं तुम्हाला," वहिनी दारातूनच म्हणाली. "काय हात चालवलायत. ती बाई वेडी झालीय. ताई फरशीवर बसल्या."

"बसल्या ना? उठल्या का मग?"

"सगळे म्हणतात, इतकं सुंदर काम तुम्ही आजवर केलं नव्हतं."

वहिनीला वाटलं होतं, मावशी आता 'हं' म्हणतील. त्यांनी मांडीवरचं फडकं नीट पसरलं. सून टिपाजवळ पाठमोरी होती, तिचे हात पाण्यातच राहिले.

मुंगी कडेवरून उतरली आणि सवयीप्रमाणे कण शोधत निघाली. थेट खाटेखाली.

"अगं, तिला बाहेर काढ," सून पटकन वळून म्हणाली, पण मुंगी मागे सरकत बाहेर येतच होती, ढुंगण आधी, आणि तिच्या हातात एक टोपली होती. लहान. पोटाएवढी. अर्धी विणून सोडलेली. ती जमिनीवर ठेवून मुंगी परत आत गेली आणि दुसरी घेऊन आली. तीही तेवढीच, तीही अर्धी. काठापर्यंत येऊन उसवलेली. मग आणखी एक. तिला खेळ सापडला होता. ती आणत राहिली आणि ठेवत राहिली, आणि ठेवलेली प्रत्येक टोपली एका अंगावर कलंडत राहिली.

कुणी तिला थांबवलं नाही.

"प्रॅक्टिस," मावशी म्हणाल्या. "तुमच्या वाकड्याची. वाया गेल्या त्या."

वहिनी त्या लहान टोपल्यांकडे बघत होती. दुकानाला इतक्या लहान टोपल्या कधीच लागत नव्हत्या. एकीच्या बुडाला नखाने खूण केलेली काडी अजून तशीच होती.

मुंगी दमली. तिने खाटेला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, आणि आधाराला जे पहिलं हाती आलं ते धरलं. फडकं सरकलं. तिच्या मुठीत मावशींचा अंगठा होता. ती त्याला लटकली, झोके घ्यायला लागली. कुठल्याही माणसाचा अंगठा अशा वेळी आपोआप वळतो, लेकराचं बोट धरून ठेवतो. हा वळला नाही. मुंगीने ओढला तिकडे गेला, सोडला तिथे राहिला.

मावशींनी डाव्या हाताने मुंगीला सावरलं आणि फडकं परत ओढून घेतलं.

"चहा ठेव गं," त्या सुनेला म्हणाल्या. "वहिनी आल्यात. नुसती बघत काय बसलीस?"

चहा झाला. वहिनीने तो पिऊन टाकला. शाल दिली. मावशींनी ती उलटून शिवण बघितली आणि 'हं' म्हणाल्या.

सून गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. वहिनीने विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "शीर दबलीय मानेतली. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा, गेलं ते येणार नाही." मग जरा थांबून, "तुम्ही वाकड्या मागितल्यात ना, तेव्हा जरा बरं वाटलं त्यांना. आधीपासूनच चालू होतं थोडं थोडं. पहिल्या वेळी जोर लावून नेमक्या केल्या. म्हणाल्या, एकदा दाखवते त्यांना. मग नाही झालं." ती मुंगीच्या गालावरचं काहीतरी पुसत राहिली. "तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका, वहिनी. माझा जीव खातील."

---

"तू आधी का नाही बघितलंस?" ताई म्हणाल्या.

"मी? तुम्ही तर त्यांच्या घरी एकदाही गेला नाहीत."

"तू जात होतीस म्हणून नाही गेले."

"मी जात होते, पेला दोन हातांत बघत होते आणि मनात म्हणत होते, ऊब घेतायत. आता बोला."

फळीवर शेवटची खोकी भरायची होती. ती कान देऊन ऐकणारी टोपली वर होती. ताईंनी ती हातात घेतली, फिरवली, आणि वहिनीने पहिल्यांदाच बघितलं की आपली नणंद एखादी वस्तू हातात घेऊन गप्प बसू शकते.

"हे पाठवायचं नाही," ताई शेवटी म्हणाल्या. "तिचा हात जातोय आणि आपण त्याला श्वास म्हणून विकतोय. मी सगळ्यांना सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितलं मी."

"नाही पाठवलं तर त्यांना काय सांगायचं?"

"सांगू, मावशी, आता आराम करा. आम्ही बघतो तुमचं."

"आणि त्या विचारतील, का? काल इतकं सुंदर होतं, आज आराम का?" वहिनीचा आवाज चढला. मुंगी दचकली, तशी ती हळू झाली. पण हळू आवाजातही राग तेवढाच राहिला. "ताई, तुमच्या डोक्यात कायम दोनच गोष्टी असतात. एक तर सगळ्यांना सांगायचं, नाहीतर बंद करायचं. मावशींना वाटतंय की आपण मागितलं म्हणून त्यांनी वाकडं दिलं. तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. तेही काढून घ्यायचं? दया म्हणून?"

"मग काय, असंच मागत राहायचं?"

"त्या देतायत तोवर."

"आणि मग?"

"मग काठ सून बांधेल. त्यांना आवडणार नाही. त्या 'हं' म्हणतील."

ताईंनी टोपली खोक्यात ठेवली. कार्ड बांधायला सुतळी घेतली, कार्डावरची ओळ वाचली, आणि ते तसंच बाजूला ठेवलं.

"हे कुणी लिहिलं होतं?" त्या म्हणाल्या.

"मीच," वहिनी म्हणाली. "पाजताना."

त्या खोक्यातल्या टोपल्या कार्डाशिवाय गेल्या. दुकानातल्या बाईने फोन करून कार्डं कुठायत विचारलं, तेव्हा ताईंनी 'संपली' एवढंच सांगितलं. इतकं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून वहिनीने तोवर ऐकलं नव्हतं.

---

मावशी गॅरेजला कधी येत नसत. माल न्यायला यायचं तुम्ही, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशी त्या आल्या. सून एक पाऊल मागे. अंगावर ती शाल, आणि शालीआड काहीतरी.

ताईंनी पुठ्ठा झटकून खुर्ची पुढे केली. मावशींनी आधी गॅरेज बघून घेतलं. पत्रा, फळ्या, खोक्यांची थप्पी. "एवढंच आहे होय," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं ऐकून वाटलं होतं, महाल असेल."

मग शालीआडून डाव्या हाताने त्यांनी टोपली काढली आणि खाली ठेवली. लहान होती. पोटाएवढी, पण मागच्या मापाचं पोट आता राहिलं नव्हतं. काठ एका बाजूला चढला होता आणि दुसऱ्या बाजूला पडला होता. विणीत एके ठिकाणी फट होती, तिच्यात वेताचा तुकडा खोचून बुजवलेला. पण काठ शेवटपर्यंत बांधलेला होता, गाठ आत वळवलेली होती, आणि ती गाठ मावशींचीच होती; तशी गाठ दुसरी कुणी बांधत नसे.

टोपली फरशीवर डुलत राहिली.

"घे," मावशी म्हणाल्या. "या पोरीची. म्हटलं, तुमच्या पसंतीचीच द्यावी. तुम्हाला वाकडंच आवडतं हल्ली."

ताईंचं तोंड उघडलं. काय येणार ते वहिनीला दिसलं. सुंदर येणार होतं, हात येणार होता, कदाचित डोळ्यांत पाणीही. तिने खोक्याआडून ताईंच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. ताईंनी तोंड मिटलं.

मावशी वहिनीकडे बघत होत्या. नेहमीसारख्या, पाटावरून बघाव्या तशा. फक्त शालीची कड डाव्या मुठीत घट्ट होती.

"मावशी, हे बरं नाही," वहिनी म्हणाली.

सुनेने मान खाली घातली.

"शब्द दिला होतात तुम्ही. माझ्या देखत. हिची सरळ करणार म्हणाला होतात. दुकानाचं दुकानापाशी. माझ्या लेकीलाही तेच दिलंत? इतके दिवस वाट बघायला लावलीत, आणि शेवटी आपली मनमानीच केलीत ना?"

"ओरड," मावशी म्हणाल्या.

"ओरडणारच. तुमच्यापुढे हात टेकले मी. तुम्हाला सरळ सांगावं तर वाकडं, वाकडं सांगावं तर सरळ. कुणाचं ऐकायचं म्हणून नाही."

"नाहीच ऐकत मी कुणाचं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या मुठीतली शालीची कड सुटली. त्या सुनेकडे वळल्या. "बघितलंस? रागावली. सांगितलं होतं मी तुला, रागावणार म्हणून."

"हो," सून म्हणाली.

"पुढची सरळ देते," मावशी वहिनीला म्हणाल्या. "आता गप. चहा आहे का, की नुसतंच बोलणं?"

ताईच उठल्या चहा ठेवायला.

मुंगी टोपलीपाशी बसली होती. तिने तिच्यात एक पाय घालून पाहिला, मावला नाही. मग फरशीवरून सुतळीचा एक तुकडा शोधून आणला आणि आत टाकला. टोपली एका बाजूला कलली. मुंगीने काठावर तळवा ठेवून ती सारखी केली, हात काढला, टोपली पुन्हा कलली. तिने पुन्हा तळवा ठेवला. या वेळी तिने तो काढला नाही. तशीच बसून राहिली, एका हाताने टोपली धरून, आणि मोठ्यांचा चहा होईपर्यंत ती टोपली सरळ उभी होती.